मागे घेताना 'टक'

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर ज्यांची घरं आहेत, त्यांचा दिवस गाडी रिव्हर्समध्ये गल्लीबाहेर काढण्यानं सुरू होतो. जुलैत रात्रभर झड लागलेली असली की पहिल्याच ब्रेकला खर्रर्र! चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क बिडाची असते, दमट हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज धरतो. ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड तो खरवडून काढतात. पोवई नाक्यापर्यंतही आवाज राहिला, तर मात्र पॅड संपलेत का ते बघायला हवं, नाहीतर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलाय का ते.

मला जास्त गंमत वाटते ती 'टक'ची. रिव्हर्स टाकून पहिला ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून एकदाच टक. मागेच जात पुन्हा दाबला, गप्प. मग पुढे निघून पहिला ब्रेक, परत टक. पॅड सरकता यावा म्हणून त्याच्या खोबणीत केसभर जागा सोडलेली असते. फिरती डिस्क त्याला ओढत नेऊन एका टोकाला टेकवते. चाक उलटं फिरलं की तो दुसऱ्या टोकाला जाऊन आपटतो. एवढंच. आवाज वाढत चालला असेल तर पॅडच्या क्लिपा ढिल्या झाल्यात. पण दर दाबाला टक होत असेल, तर सस्पेन्शनचे रबरी बूश गेलेत किंवा पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा बोल्ट सैल आहे. अशी गाडी यवतेश्वरच्या घाटात नेऊ नये.

फक्त मागे जाताना किंचाळणारे ब्रेकही असतात. पॅड डिस्कला क्षणभर धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. सेकंदाला हजारो वेळा. फळ्यावर खडू किंचाळतो तो असाच. पुढे पळून पळून पॅड थोडा तिरका झिजलेला असतो आणि रिव्हर्समध्ये त्याची उलटी कड आधी डिस्कला भिडते.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रमचे ब्रेक असतील तर पावसाळ्यात हँडब्रेक ओढून चार दिवस उभी केलेली गाडी अडून बसते, मग 'फट्' करून सुटते. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटलेलं असतं. सपाटीवर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा.

राहिली रिव्हर्सची ती 'वूंऽऽ'. ब्रेकवर पाय नसतानाही येते, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स गिअरचे दाते तिरके नसून सरळ कापलेले असतात. मी तिच्यापायी एकदा चारही पॅड बदलून घेतले होते.