रंगदृष्टी चाचणीच्या चित्रांना मेंदूचा प्रतिसाद

रंगांधता तपासण्याची ठिपक्यांची चित्रे दाखवायची आणि 'कोणता आकडा दिसतो' हे विचारण्याऐवजी डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांतून मेंदूतील विद्युत बदल टिपायचे, अशी ही मापनपद्धत आहे. तान्हे मूल आकडा सांगू शकत नाही, वाचा गेलेल्या रुग्णालाही तो सांगता येत नाही, आणि नोकरीसाठी पाने पाठ करून आलेल्या उमेदवाराच्या उत्तरावर विसंबता येत नाही. अशा ठिकाणी ही पद्धत उपयोगी पडते.

या चित्रांमध्ये सर्वांत परिचित पाने जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांची आहेत. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या पूर्ण संचात ३८ पाने असतात. पहिल्या पानावरचा १२ हा आकडा रंगांध माणसालाही वाचता येतो. पुढे एका पानावर सामान्य दृष्टीच्या माणसाला ७४ दिसतात, तर तांबडा-हिरवा भेद नीट न कळणाऱ्याला २१. ठिपके मुद्दाम लहानमोठे आणि कमीअधिक उजळ ठेवलेले असतात. त्यामुळे उजळपणावरून आकडा ओळखता येत नाही, तो रंगावरूनच शोधावा लागतो.

डोळ्याच्या दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी दोन प्रकार सुमारे ५६० आणि ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. त्या दोन प्रकारांच्या संदेशांतील फरकातून तांबडे-हिरवे वेगळे होते. त्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दोष पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ०.५ टक्का आहे.

मोजणीसाठी मुख्य इलेक्ट्रोड डोक्याच्या मागच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्याच्या थोडे वर बसवतात, कारण मेंदूचे प्राथमिक दृष्टिक्षेत्र तिथे असते. चित्रामुळे उमटणारी लहर अवघ्या काही मायक्रोव्होल्टची असते आणि मेंदूच्या चालू असलेल्या विद्युत हालचालीत ती बुडून जाते. म्हणून तेच चित्र पुन्हापुन्हा दाखवून नोंदींची सरासरी काढतात. ही युक्ती जॉर्ज डॉसन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आणली. १०० नोंदींची सरासरी घेतली की नको असलेला गोंगाट सुमारे दहापट कमी होतो. काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पटाला सुमारे १०० मिलिसेकंदांनी वर जाणारी लहर येते. केवळ तांबड्या-हिरव्याचा फरक अचानक दाखवला, तर प्रौढांत ठळकपणे दिसते ती थोडी उशिरा येणारी, खाली जाणारी लहर. तान्ह्या मुलांत हीच लहर उलटी, म्हणजे वर जाणारी असते. प्रौढांसारखे रूप तिला किशोरवयापर्यंत हळूहळू येते. म्हणून मुलाची नोंद प्रौढांच्या नोंदीशी ताडून पाहणे सरळ चूक ठरते.

या मापनातली खरी अडचण उजळपणाची आहे. छापील पान जसेच्या तसे पडद्यावर झळकवले, तर शेकडो ठिपक्यांच्या कडांनाच मेंदू जोरदार प्रतिसाद देतो. त्या लहरीत आकड्याचा वाटा किती, हे मग कळत नाही. म्हणून ठिपक्यांची जागा, आकार आणि उजळपणा तसाच ठेवून फक्त आकड्याच्या ठिपक्यांचा रंग बदलतात. तोच बदल सेकंदाला ठरावीक वेळा केला, तर मेंदूच्या नोंदीत नेमक्या त्याच वारंवारितेवर टोक उमटते का, हेही पाहता येते. एवढे करूनही सापळा राहतोच. तांबड्याला दाद देणाऱ्या शंकुपेशी नसलेल्या माणसाला गडद तांबडा रंग इतरांपेक्षा काळपट दिसतो. सरासरी माणसासाठी सारखे उजळ केलेले दोन रंग त्याच्यासाठी सारखे नसतात. त्या काळपटपणालाच मेंदूने दाद दिली, तर तपासणाऱ्याला रंग कळल्यासारखे वाटते. यासाठी शक्य तिथे प्रत्येकाचे समान उजळपण स्वतंत्रपणे ठरवावे, हा आग्रह योग्यच आहे. पडदा मोजून जुळवून घेणेही तितकेच गरजेचे, कारण छपाईची शाई आणि पडद्याचा प्रकाश यांची जात वेगळी.

निळ्या-पिवळ्याच्या दोषासाठी इशिहारा पाने उपयोगाची नाहीत. त्यासाठी वेगळी चित्रे लागतात.

मोजणीत लहर दिसली, तर मेंदूने फरक टिपला एवढेच म्हणता येते. समोरच्याला तांबडा रंग कसा भासतो, हे त्यावरून सांगता येत नाही. आकडा वाचण्याचे काम दिले असेल, तर ओळखीमुळे येणारी उशिराची लहरही त्यात मिसळते आणि तिचा अर्थ वेगळा असतो. डोळ्यातली उणीव मेंदूत तशीच्या तशी उतरते असेही नाही. तांबडा-हिरवा भेद कमी कळणाऱ्यांवर चुंबकीय प्रतिमांकनाने (एमआरआय) केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये 'करंट बायोलॉजी' या नियतकालिकात आला. त्यांच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रातला प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे दुबळा होता, पण त्यापुढच्या क्षेत्रांत तो सामान्य दृष्टीच्या माणसांच्या जवळ पोहोचलेला आढळला.