श्वास थांबतो, आणि पुन्हा येतो

"सिस्टरांना काय, सवय झालेली असते," असं आपण सर्रास म्हणतो. माझी भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डमध्ये पहिला मृत्यू पाहिला त्या रात्री ती फोनवर एकच गोष्ट सांगत राहिली. "मावशी, श्वास थांबला म्हणून मी सिस्टरना हाक मारली, तर आजोबांनी परत श्वास घेतला. चार वेळा असं झालं." मृत्यूनंतर देहाची स्वच्छता कशी करायची, म्हणजे 'लास्ट ऑफिस', हे तिला वर्गात पायरीपायरीने शिकवलं होतं. त्याआधीच्या तासांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

तिने पाहिलं ते चेन-स्टोक्स श्वसन. १८१८ मध्ये डब्लिनच्या जॉन चेन यांनी एका रुग्णाची नोंद केली: श्वास पाव मिनिट पूर्ण थांबे, मग हळूहळू वाढत धापेपर्यंत जाई, पुन्हा मंदावून थांबे. हे आवर्तन साधारण मिनिटाभराचं. विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये त्याचंच वर्णन केलं.

असं का होतं? श्वासावर मेंदूच्या देठाचं नियंत्रण असतं, आणि ते ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडवर जास्त लक्ष ठेवतं. तो वाढला की श्वास जोरात, घटला की मंद. मात्र हृदय थकलं की फुप्फुसातलं रक्त मेंदूपर्यंत उशिरा पोचतं आणि मेंदूला शिळी बातमी मिळते. गीझर लांब असला की गरम पाणी येईना म्हणून आपण नळ अजून फिरवतो आणि मग एकदम चटका बसतो, तसंच हे. मेंदू जोरात श्वास घ्यायला लावतो. वायू पुरेसा घटल्याचं कळेपर्यंत तो गरजेपेक्षा खाली गेलेला असतो, म्हणून श्वासच थांबतो. वायू साठतो, पुन्हा धाप. अभियंत्यांच्या भाषेत, प्रतिभरणाच्या (फीडबॅकच्या) वर्तुळात विलंब आहे आणि 'लूप गेन', म्हणजे बिघाडाच्या किती पट दुरुस्ती होते ते प्रमाण, एकाहून जास्त आहे, म्हणून दुरुस्ती विझण्याऐवजी हेलकावत राहते.

'जीव कशात तरी अडकलाय' म्हणून दूरच्या मुलाला घाईने बोलावणं, नवस आठवणं याच वेळी सुरू होतं. मुलाने जरूर यावं, पण श्वास त्याच्यासाठी अडलेला नसतो. 'घरघर लागली' म्हणतो तीही गिळण्याची आणि खोकल्याची शक्ती गेल्यामुळे घशात साचलेल्या स्रावाची. कुशीवर वळवलं की बऱ्याचदा कमी होते. अशा वेळी तोंडात चमच्याने गंगाजल ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ओल्या बोळ्याने ओठ भिजवावेत, श्रद्धाही राहते.

हे विद्यार्थिनींना आधी शिकवायला हवं. श्वासाची लय बदलणारे, सरावासाठीचे महागडे रुग्ण-पुतळे आता मिळतात, त्यांची जाहिरातही जोरात आहे. पण पुतळ्याशेजारी रडणारी मुलगी नसते. ती भूमिका वर्गमैत्रिणीने करावी, आणि नंतर शिक्षिकेने सगळ्यांना बसवून काय वाटलं ते बोलू द्यावं. अमेरिकेत अंत्यकाळच्या शुश्रूषेचं असं प्रशिक्षण परिचारिकांना देणारा एल्नेक उपक्रम २००० सालापासून चालू आहे. तिथल्याच जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने मृत्यूनंतर सगळ्यांनी खाटेभोवती थोडा वेळ शांत उभं राहण्याची पद्धत रूढ केली. तिला पैसा लागत नाही.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. या वेळी आजी होत्या. तिने घड्याळ पाहून थांबे मोजले, वीस सेकंद, पंचवीस सेकंद, आणि शेजारच्या लेकीला आधीच सांगितलं, "आता थांबेल हं थोडा वेळ. तुम्ही हात धरून बसा."