हृदयाच्या झडपेवरचा जिवाणू ओळखताना

हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची शंका आली, की अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्त घ्यायला हवं. प्रयोगशाळेतलं पुढचं सगळं काम त्यावर उभं असतं. हे रक्त जिवाणू वाढवण्यासाठी पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालतात. औषध आधी गेलं तर रक्तातले जिवाणू बाटलीत वाढत नाहीत, झडपेवरचे मात्र ठाण मांडून राहतात. अशा वेळी ‘वाढ नाही’ असा अहवाल पाहून कुणी निर्धास्त होऊ नये.

झडपेच्या दुखावलेल्या जागी फायब्रिन (रक्त गोठवणारे प्रथिनाचे धागे) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) साठतात आणि रक्तातून आलेले जिवाणू त्यात रुततात. या थरातून ते सतत रक्तात सुटत राहतात, म्हणून ताप चढण्याची वाट पाहावी लागत नाही. पण एका मिलिलिटर रक्तात ते मोजकेच असू शकतात. त्यामुळे मोठ्या माणसाच्या बाबतीत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घालतात आणि निदान तीनदा, दर वेळी नव्या जागी सुई टोचून, नमुने घेतात. तीनदा घेण्याचं आणखी एक कारण आहे. त्वचेवर नेहमी राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस एकाच बाटलीत उगवला, तर तो बहुधा सुईबरोबर आलेला असतो. तिन्ही वेळच्या नमुन्यांत उगवला आणि रुग्णाची झडप कृत्रिम असली, तर तोच आरोपी ठरतो.

बाटल्या यंत्रात उबवल्या जातात. जिवाणू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि यंत्र इशारा देतं. मग काचपट्टीवर ग्रॅमची रंगक्रिया करतात, म्हणजे जिवाणूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी ती १८८४ मध्ये मांडली आणि आजही तिच्यावाचून चालत नाही. जांभळे गोल जिवाणू द्राक्षांच्या घोसासारखे दिसले तर स्टॅफिलोकोकस, साखळीत दिसले तर स्ट्रेप्टोकोकस किंवा एन्टेरोकोकस असण्याची शक्यता जास्त. ही बातमी डॉक्टरांना तेव्हाच फोनवर कळवतात. वाढलेल्या जिवाणूंवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले, तर स्टॅफिलोकोकसचा अंदाज पक्का होतो. नेमकी प्रजाती आता माल्डी-टॉफ यंत्र काही मिनिटांत सांगतं. त्यात लेझरने जिवाणूतली प्रथिनं उडवून त्यांच्या वस्तुमानाचा नकाशा काढतात.

प्रजातीपर्यंत जायचंच कशाला? स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस हे एक उत्तर पुरेसं आहे. झडपेवर हा सापडला, की रुग्णाच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला सांगतात, कारण तिथल्या गाठींशी आणि कर्करोगाशी त्याचा संबंध दिसून आला आहे. रक्ताच्या बाटलीतून आतड्यातला लपलेला आजार हाती लागावा, यापेक्षा मोलाचं काम प्रयोगशाळेने आणखी कोणतं करावं!

कधी बाटलीतल्या थेंबात साखळ्या स्पष्ट दिसतात, पण रक्त-अगारच्या (जिवाणू वाढवण्यासाठी रक्त मिसळलेल्या जेलीच्या) प्लेटवर दुसऱ्या दिवशी काहीच उगवत नाही. इथे अ‍ॅबिओट्रोफिया किंवा ग्रॅन्युलिकॅटेला आठवावेत. त्यांना वाढीसाठी पायरिडॉक्सल, म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, बाहेरून लागतो. प्लेटवर स्टॅफिलोकोकसची एक रेघ ओढली, की तिच्या कडेने या जिवाणूंच्या बारीक वसाहती उगवतात, कारण हवा तो पदार्थ त्यांना शेजाऱ्याकडून मिळतो. काचपट्टीकडे डोळसपणे पाहणाऱ्यालाच हे सुचतं.

कॉक्सिएला आणि बार्टोनेला हे जिवाणू या बाटल्यांत सहसा वाढतच नाहीत. त्यांच्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासतात. शस्त्रक्रिया झाली असेल, तर काढलेल्या झडपेच्या तुकड्यातून १६एस या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा क्रम वाचून जिवाणू ओळखता येतो. मात्र मेलेल्या जिवाणूंचा डीएनए उपचारांनंतरही बराच काळ टिकतो, त्यामुळे तो सापडला म्हणजे औषध फसलं असं नव्हे. आणि झडप काढल्यावर तिचा एक तुकडा निर्जंतुक डबीत, फॉर्मॅलिन (ऊती टिकवण्याचं रसायन) न घालता, सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे जायला हवा. सगळी झडप फॉर्मॅलिनमध्ये बुडाली, तर तिच्यातून जिवाणू वाढवणं (कल्चर) अशक्य होतं आणि डीएनएही खराब होऊ लागतो.