वीस तासांची पार्श्वभूमी

स्टारबक्स या अमेरिकी कॉफी-दुकानांच्या साखळीत कामगाराला कामगार म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. आज या शब्दाची थट्टा होत असली, तरी तो आला तेव्हा त्यामागे काहीतरी होतं.

हॉवर्ड शुल्ट्झ सात वर्षांचे असताना त्यांचे वडील, घरोघर बाळांची दुपटी पोहोचवणारे ड्रायव्हर, बर्फावर घसरले. घोटा मोडला, काम गेलं आणि विमा नव्हताच. १९८७ साली शुल्ट्झ यांनी सिएटलची ही छोटी कंपनी विकत घेतली आणि १९८८ मध्ये आठवड्याला किमान २० तास काम करणाऱ्या अर्धवेळ मंडळींनाही आरोग्यविमा दिला. अमेरिकेत विमा बहुधा नोकरीला जोडलेला असतो आणि अर्धवेळ माणसाच्या वाट्याला तो सहसा येत नाही. १९९१ पासून शेअरही मिळू लागले.

पुढचं भांडण मात्र याच वीसच्या आकड्याभोवती फिरत राहिलं. कुणाला किती तास द्यायचे हे मॅनेजर ठरवतो, तेही वरून आलेल्या हिशेबाच्या चौकटीत. विक्री मंदावली की तास कापले जातात. ताशी दर कागदावर तसाच राहतो, पण महिन्याची कमाई घटते आणि विमाही टांगणीला लागतो. पगारवाढीच्या बातम्यांत हे सहसा येत नाही. २०१४ मध्ये रात्री दुकान बंद करणाऱ्यालाच पहाटे ते उघडायला लावण्याची पद्धत गाजली, तेव्हा कंपनीने ती थांबवण्याचं जाहीर केलं.

डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातल्या एका दुकानाने १९ विरुद्ध ८ मतांनी युनियन आणली आणि लोण देशभर पसरलं. एप्रिल २०२२ मध्ये शुल्ट्झ तिसऱ्यांदा प्रमुखपदी परतले. ताशी सरासरी वेतन १७ डॉलरच्या आसपास नेण्याचं आधीच ठरलं होतं. त्यावरची नवी वाढ मात्र युनियनच्या दुकानांना मिळाली नाही. पार्टनरला युनियन लागावी, हे त्यांच्या मनाला लागलं असावं.

मार्च २०२३ मध्ये मूळचे पुण्याचे लक्ष्मण नरसिंहन प्रमुख म्हणून आले. ते पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, त्यामुळे इकडे कौतुक बरंच झालं. त्यांनी स्वतः काउंटरमागे कॉफी बनवण्याचं प्रशिक्षण घेतलं, पण विक्री घसरली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना जावं लागलं.

त्यांच्या जागी चिपोटले या खाद्यसाखळीतून आलेल्या ब्रायन निकोल यांचा २०२४ च्या आर्थिक वर्षाचा मोबदला सुमारे ९.६ कोटी डॉलर भरला. त्यात रोख थोडी होती, बहुतेक शेअर होते, आणि तेही बरेचसे जुन्या कंपनीत सोडलेल्या शेअरच्या बदल्यात. त्याच वर्षी कंपनीतल्या मधल्या, म्हणजे कमाईच्या क्रमात बरोबर मधोमध येणाऱ्या कामगाराची वार्षिक कमाई होती १४,६७४ डॉलर. हा आकडा इतका खाली असण्याचं मोठं कारण अर्धवेळ काम. निकोल यांनी २०२५ मध्ये दुकानांतली माणसं आणि तास वाढवण्यासाठी ५० कोटी डॉलरहून अधिक खर्चाची घोषणा केली. तरीही नोव्हेंबरमध्ये, लाल कप वाटण्याच्या गर्दीच्या दिवशी, युनियनने संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत पगाराच्या बरोबरीने तासही होते.