प्रोग्राम चालतो, मग ड्रायव्हर का बसत नाही?

दादरच्या एका दुकानात लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना लेबल प्रिंटर लावायला गेलो होतो. बिलिंगचा जुना प्रोग्राम विंडोज ११ वर मुकाट सुरू झाला. प्रिंटरच्या सीडीतला सेटअप मात्र ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटरशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम) टाकता टाकता अडला. मालक म्हणाले, "अहो, दोन्ही ३२-बिटच ना? मग एक चालतं आणि दुसरं का नाही?"

(३२-बिट म्हणजे जुन्या पिढीच्या संगणकांसाठी लिहिलेलं; आजचं विंडोज ६४-बिट.) कारण ड्रायव्हर वापरणं वेगळं आणि बसवणं वेगळं. भाडेकरू सोसायटीची लिफ्ट दिवसातून दहादा वापरतो, पण मशीन रूमची किल्ली त्याच्याकडे नसते.

वापरण्याचं सोपं आहे. ६४-बिट विंडोजमध्ये वाऊ६४ नावाचा थर ३२-बिट प्रोग्रामला सांभाळून घेतो. छपाईच्या वेळी एसपीएलवाऊ६४ हा दुभाषा मध्ये उभा राहतो, म्हणून प्रोग्राम ३२-बिट आणि ड्रायव्हर ६४-बिट असला तरी बिल बाहेर येतं. (टास्क मॅनेजरमध्ये हे नाव दिसलं की लोक व्हायरस समजून मला फोन करतात.)

बसवताना मात्र विंडोज त्या उपकरणाच्या वर्गाचे इन्स्टॉलर डीएलएल (बसवण्याचं काम करणाऱ्या कोडच्या फाइली) बोलावतं. ते ६४-बिट असतात आणि ३२-बिट प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या ३२-बिट प्रोग्राममध्ये, शिरूच शकत नाहीत. त्यामुळे सेटअपने ड्रायव्हर बसवायची विनंती केली की उत्तर मिळतं 'एरर इन वाऊ६४'. यावर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' आणि कंपॅटिबिलिटी मोड हे आपले ठरलेले दोन उपाय कामाचे नाहीत. अधिकार वाढतील, बिट कुठून वाढणार?

काही सेटअप विनंतीच्या भानगडीत न पडता थेट फाइल कॉपी करतात. तिथे तर मोठीच गंमत. सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४-बिट फाइली असतात आणि सिसवाऊ६४ मध्ये ३२-बिट. नावं अगदी उलटी वाटतात. ३२-बिट प्रोग्रामने सिस्टिम३२ मागितलं की विंडोज त्याला गुपचूप सिसवाऊ६४ मध्ये नेऊन सोडतं. सेटअप म्हणतो 'कॉपी झाली', आणि ड्रायव्हरची फाइल भलत्याच घरी पडलेली असते. ड्रायव्हर बसवणारं पीएनपीयूटिल हे विंडोजचं स्वतःचं साधनही अशा प्रोग्रामला याच कारणाने सापडत नाही. विंडोज व्हिस्टापासून सिसनेटिव्ह या नावाने खऱ्या सिस्टिम३२ मध्ये जायची चोरवाट आहे, पण त्याआधी लिहिलेल्या सेटअपला ती कुठून ठाऊक असणार?

आता, सेटअप ३२-बिट असणं आणि ड्रायव्हरच ३२-बिट असणं यांतही गल्लत होते. सेटअपच फक्त जुना असेल तर वाट निघते. ६४-बिट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, ३२-बिट ड्रायव्हर मात्र लोडच होत नाही, मग बसवणारा कोणीही असो. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे विंडोज बदलून पाहण्याचा जुना मार्गही बंद.

दादरला नशीब बरं होतं. प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवर ६४-बिट ड्रायव्हरची झिप मिळाली. ती उघडली, सेटअपला हातही लावला नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' करून आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा याच्या सूचना) असलेला फोल्डर दाखवला. दोन मिनिटांत पहिलं लेबल बाहेर आलं, त्याच जुन्या ३२-बिट बिलिंगमधून.