बॉइनची लढाई: नदीचा उतार, ओहोटी आणि आख्यायिका

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, ड्रॉहेडापासून थोडं वर, ओल्डब्रिजपाशी बॉइन नदीला जुना उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा, आहे. समुद्राची भरती इथवर चढते, त्यामुळे पायी पलीकडे जायचं तर ओहोटीच गाठावी लागे. १ जुलै १६९० रोजी इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचं सुमारे ३६,००० चं सैन्य या भागात नदी ओलांडायला आलं. समोर इंग्लंडचाच पदच्युत राजा दुसरा जेम्स, सुमारे २५,००० माणसांनिशी.

लोककथेत सगळी लढाई या एकाच उतारावर होते. खरा डाव मात्र नदीच्या वरच्या अंगाला पडला. विल्यमनं पहाटेच जवळजवळ एक तृतीयांश सैन्य रॉसनारीच्या उताराकडे धाडलं. आता वेढले जाणार, या धास्तीनं जेम्सनं आपलं बहुतेक बळ तिकडे नेलं. तिथे दोन्ही फौजांच्या मध्ये दलदलीची घळ आडवी होती. शत्रू दिसत होता, भिडता येत नव्हतं. इकडे ओल्डब्रिजला थोडेच लोक उरले आणि कमरेच्या वर पाण्यातून आलेल्या विल्यमच्या डच गार्ड पलटणींना काठ मिळाला.

उत्तर आयर्लंडमधल्या भित्तिचित्रांतला पांढऱ्या घोड्यावरचा विल्यम सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पांढऱ्या रंगाला भक्कम आधार नाही. उलट, त्याचा घोडा चिखलात रुतला, त्याला खाली उतरावं लागलं आणि दमा उसळला, ही हकिकत अधिक विश्वासार्ह. आणखी एक तपशील चित्रं विसरतात: ओळख पटावी म्हणून टोपीत हिरवी डहाळी खोचली होती ती विल्यमच्या माणसांनी. जेम्सच्या बाजूची खूण होती पांढरा कागद.

जेम्स डब्लिनमार्गे फ्रान्सला पळाला. आयरिश लोकांनी त्याला ‘शेमस अन खाका’, म्हणजे हगरा जेम्स, हे नाव कायमचं चिकटवलं. डब्लिनला पोचल्यावर ‘तुमचे आयरिश पळाले’ असं तो आयर्लंडमधल्या आपल्या प्रतिनिधीच्या पत्नीला, लेडी टिरकॉनेलला, म्हणाला आणि ‘शर्यत तर महाराजांनीच जिंकलेली दिसते’ असं उत्तर तिनं दिलं, ही गोष्ट आजही सांगतात. तिला आख्यायिकाच मानावं.

तारखेचा घोळ कॅलेंडरमुळे होतो. जुन्या (ज्युलियन) गणनेतली १ जुलै नव्या (ग्रेगोरियन) गणनेत ११ जुलै. अठराव्या शतकात फरक दहाऐवजी अकरा दिवसांचा झाला, तोच याही तारखेला लावला गेला आणि उत्तर आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंटांचा या विजयाचा उत्सव १२ जुलैला स्थिरावला. जुन्या गणनेनं १२ जुलै ही याच युद्धातल्या, १६९१ च्या ऑक्रिमच्या लढाईची तारीख. ती लढाई बॉइनपेक्षा कितीतरी रक्तरंजित होती.

ओल्डब्रिजजवळ १७३६ मध्ये उभारलेला विजयस्तंभ १९२३ मध्ये स्फोटानं उडवला गेला. नदीकाठी त्याचा चौथरा उरला आहे. विल्यमचं सैन्य ज्या दरीतून नदीकडे उतरलं, तिला अजून ‘किंग विल्यम्स ग्लेन’च म्हणतात.