वाळूजच्या फिक्स्चरपर्यंत आलेला कार्बन तंतू

तंतू आणि त्याला धरून ठेवणारा लगदा ही जोडी मराठवाड्याला नवी नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू कालवलेले आहेत, हे २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसून आलं. माती दाब सोसते, पण ताण पडला की तडकते. ताणाचा भार तंतू उचलतो. कंपोझिटचं, म्हणजे अशा जोडीतून बनलेल्या सामग्रीचं, मूळ तत्त्व एवढंच आहे. गिलाव्यात तंतू कसेही विखुरलेले असतात आणि तिथं ते चालतंही. कार्बन फायबरच्या थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास मात्र माझ्या मते एकाच प्रश्नाभोवती फिरतो: तंतू असाच विखरून टाकायचा, की जोर ज्या दिशेनं येतो त्या दिशेनं सलग अंथरायचा?

कार्बनचा तंतू स्वतः जुना. एडिसननं १८८० च्या सुमारास दिव्यासाठी बांबूचा तंतू जाळून कार्बनचा केला होता, पण तो उजेडापुरता. भार उचलण्याची ताकद त्यात नव्हती. ती शक्यता १९५८ मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना दिसली. पुढच्या दोन-तीन वर्षांत ओसाकाचे अकिओ शिंदो यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून, म्हणजे स्वेटरच्या कृत्रिम लोकरीच्या जातकुळीतल्या धाग्यापासून, कार्बन तंतू काढून दाखवला. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या संशोधन केंद्रात विल्यम वॅट आणि सहकाऱ्यांनी तो आणखी ताकदवान केला. धागा ताणून धरायचा, दोन-तीनशे अंशांवर हवेत शेकायचा आणि मग ऑक्सिजनला अजिबात वाव न देता हजार अंशांच्या वर तापवायचा. उरतो तो जेमतेम पाच ते सात मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा तंतू. घनता पोलादाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी, आणि लांबीच्या दिशेनं ओढलं तर पोलादाला मागं टाकणारा.

‘लांबीच्या दिशेनं’ ही अट महागात पडू शकते. रोल्स-रॉइसनं आरबी-२११ इंजिनाची पंख्याची पाती कार्बनची केली, पण पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. शेवटी टायटॅनियमची पाती घ्यावी लागली. १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनीचं दिवाळं निघालं. पाती हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण आडव्या धक्क्याला कार्बन कसा वागतो हे सगळ्या जगाला कळलं.

विमानांनी कार्बन सोडला नाही. २००१ च्या ४ जानेवारीला उडालेल्या आपल्या तेजसमध्येही कार्बन कंपोझिटचा वाटा मोठा आहे. पण ही कामाची पद्धत लहान कारखान्याला झेपणारी नव्हती. राळेत भिजवलेलं कापड शीतपेटीत जपायचं, हातानं कापून साच्यावर थरावर थर लावायचे, वरून पिशवी घालून हवा खेचायची आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाबाखाली भाजायचं. आणि या सगळ्याआधी साचा हवाच. चार नगांसाठी कोण साचा करणार?

साच्याशिवाय वस्तू करण्याचा शोध वेगळ्याच वाटेनं आला. चक हल यांचं स्टिरिओलिथोग्राफीचं, म्हणजे द्रव राळ प्रकाशानं थरावर थर घट्ट करण्याचं, पेटंट १९८६ चं. स्कॉट क्रम्प यांनी प्लॅस्टिक वितळवून रेघेवर रेघ ओढण्याच्या पद्धतीसाठी १९८९ मध्ये अर्ज केला. ते मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि प्रिंटरच्या किमती कोसळल्या. कॉलेजच्या वर्कशॉपलाही तो परवडू लागला. तरी त्यावरची वस्तू बहुतेक वेळा नमुना म्हणून हातात धरण्यापुरतीच असायची.

तिथं कार्बन आला तो आधी भुकटीसारखा, मिलिमीटरहूनही आखूड तुकड्यांत. त्याचा खरा फायदा ताकदीपेक्षा आकारात झाला. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, कोपरे उचलतात, मोठा नग प्रिंटरच्या बेडवरून, म्हणजे खालच्या पाटावरून, सुटतो. कार्बन तापमानानं जवळजवळ हलत नाही, त्यामुळं मोठी वस्तू सरळ राहू लागली. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या साथीनं बनलेल्या अजस्र प्रिंटरवर २०१४ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ‘स्ट्राटी’ मोटारीचं अंग ४४ तासांत छापलं गेलं. गाजलं ते हेच. मला मात्र २०१६ चं काम जास्त महत्त्वाचं वाटतं: त्याच प्रयोगशाळेनं बोइंगच्या ७७७एक्स विमानाच्या पंखासाठी साडेसतरा फूट लांबीचं ट्रिमिंगचं टूल सुमारे तीस तासांत छापलं. त्या वेळचा तो विक्रमी नग विमानाचा भाग नव्हता. पंख कापताना, भोकं पाडताना तो जागेवर धरून ठेवणारं ते फिक्स्चर होतं.

सलग तंतूचा प्रिंटर मार्कफोर्ज्ड कंपनीनं २०१४ मध्ये दाखवला. एका नोझलमधून नायलॉन, दुसऱ्यातून हजारेक कार्बन तंतूंची प्लॅस्टिकमध्ये माखलेली जुडी. रेघ संपली की कटर ती तोडतो. फरक तुटलेला नग हातात घेतला की कळतो. आखूड तंतूची पट्टी कडकन मोडते आणि मोड बोथट, मातकट दिसते. सलग तंतूची पट्टी करकरत राहते, सहज दोन तुकडे होत नाहीत, मोडीतून काळे केस बाहेर आलेले असतात. पण हीच पट्टी उभी छापून वाकवली तर दोन थर पत्त्यासारखे सुटतात आणि फट गुळगुळीत असते, कारण एका थरातून दुसऱ्यात जाणारा तंतूच नसतो. शिवाय ऑटोक्लेव्हमधल्या भागात तंतूचा वाटा आकारमानाच्या साठ टक्क्यांपर्यंत जातो. प्रिंटरवर तो साधारण तीस-चाळीसच्या आसपास घुटमळतो आणि रेघांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. म्हणून विमानाच्या पंखाशी तुलना करून कुणी विकायला आलं तर विश्वास ठेवू नये.

मराठवाड्याच्या दृष्टीनं खरी तुलना अ‍ॅल्युमिनियमच्या फिक्स्चरशी आहे. १९८५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडरांचं जाळं विणलं गेलं, आणि वेंडरांकडं साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूम आल्या. इंडो-जर्मन टूल रूम, प्लॅस्टिक तंत्रज्ञानाची सिपेट, मराठवाडा ऑटो क्लस्टर या संस्था त्याच जमिनीवर उभ्या राहिल्या. इथं रोजची गरज असते माप तपासायचं चेकिंग फिक्स्चर, जोडणी करताना भाग जागेवर धरणारे जिग, रोबोच्या पकडीची (ग्रिपरची) बोटं, नगाच्या आकाराचे पकडीचे जबडे (सॉफ्ट जॉ) यांची. नग एक किंवा दोन, आणि हवा असतो उद्या सकाळी. जो कामगार शिफ्टभर हातातला जिग उचलतो-ठेवतो, त्याच्या मनगटाला किलोभर वजन कमी झालेलं पहिल्याच दिवशी कळतं. नग छापला की व्हीएमसीही, म्हणजे धातू कापणारी संगणकी मशीनही, मोकळी राहते, आणि लहान टूलरूममध्ये खरी टंचाई तिचीच असते.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. कार्बन पितळी नोझल भराभर झिजवतो, म्हणून नोझल कडक पोलादाचं हवं. नायलॉन ओल शोषतं. एरवी कोरड्या असलेल्या आपल्या भागातही जुलै-ऑगस्टमध्ये उघडं राहिलेलं रीळ लावलं की नोझलमधून फटफट आवाज येतो आणि रेघेत बुडबुडे पडतात, त्यामुळं रीळ सुकवण्याच्या पेटीतून थेट प्रिंटरला जोडलेलं बरं. सलग कार्बन अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकला आणि मध्ये ओल आली की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. तिथं काचतंतूचा थर घालतात. नग नेमका बसवणाऱ्या लोकेटिंग पिन आणि स्क्रूचे आटे पोलादाच्या इन्सर्टमध्ये, म्हणजे आत बसवलेल्या तुकड्यातच, घ्यावेत. वेल्डिंगच्या फिक्स्चरला मात्र हे चालत नाही; ठिणग्यांपुढं नायलॉन टिकत नाही, तिथं पोलादच हवं.